बेचाळीस मिनिटांची कारकीर्द

गेल्या वर्षी वाशीच्या एका सभागृहात माझा सत्कार झाला. व्यासपीठावर नऊ माणसं होती. त्यातल्या आठ जणांनी आयुष्यात कधी टेनिसची रॅकेट धरली नव्हती आणि नववी मी. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी हातातल्या कागदावरून वाचलं, "ग्रँड स्लॅम गाजवणाऱ्या आपल्या नवी मुंबईच्या सुकन्या." टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला, आणि कुठल्याही खेळाला चालेल असं एक सोनेरी प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह आलं. त्यावरचा माणूस बहुतेक भालाफेक करत होता.

गाजवणाऱ्या. मी ग्रँड स्लॅममध्ये एक सामना खेळले. दुहेरीचा, पहिल्या फेरीचा, अगदी कडेच्या कोर्टवर, जिथे कुंपणापलीकडे कचरा नेणाऱ्या गाड्या उभ्या असतात. निकाल सहा-एक, सहा-एक, आमच्या विरोधात. एकूण वेळ बेचाळीस मिनिटं, आणि त्यातली काही खुर्चीवर बसून पाणी पिण्यात गेली.

मी बारा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळले. फक्त दुहेरी. त्यातली सहा वर्षं मी खरोखर चांगली खेळले, हे मी कुणालाही डोळ्यात डोळे घालून सांगेन. पण त्या सहा वर्षांबद्दल मला कुणी विचारत नाही. विचारतात ते बेचाळीस मिनिटांबद्दल. "तिथलं वातावरण कसं असतं हो?" मी सांगते, "थंड." त्यांना वाटतं मी विनोद केला.

माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमालांच्या टोळीचे मुकादम होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गाव साताऱ्याकडचं, कोरेगावच्या पलीकडे. अण्णांच्या ओळखीचा एक गाळेवाला आमच्या सेक्टरातल्या क्लबच्या कमिटीवर होता. त्यानं शब्द टाकला म्हणून मला दहाव्या वर्षी टेनिसच्या बॅचमध्ये घेतलं. क्लबला तेव्हा मुली हव्याच होत्या, कारण वार्षिक अहवालात मुलींचा फोटो लागायचा. इतका थोर विचार होता त्यामागे.

ती, माझी पुढची जोडीदार, मला तिथेच भेटली. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी, नेरूळ गावातली, आगरी. तिच्या आजोबांची खाडीकडेची शेती नव्या शहरात गेली होती आणि त्या बदल्यात मिळालेल्या जागेवर तिच्या वडिलांनी इमारती उभ्या केल्या होत्या. ते गळ्यात जाड साखळी घालून कोर्टच्या जाळीला टेकून उभे राहायचे आणि प्रत्येक चेंडूला ओरडायचे, "मार ना जोरान!" बॅचमधल्या बाकीच्या पालकांना त्यांची लाज वाटायची. स्वतःची मुलं आठवड्याला तीन क्लास बदलतात याची मात्र वाटायची नाही.

आम्ही तेरा वर्षांच्या असताना सरांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. गोड बोलणं त्यांना जमत नसे. ते मला म्हणाले, "तुला हात आहे, पाय नाहीत." मग तिच्याकडे वळले. "तुला पाय आहेत, डोकं नाही. एकेरीत तुम्ही दोघी जिल्ह्याच्या पुढे जाणार नाही. उद्यापासून एकत्र खेळा."

ती म्हणाली, "सर, डोकं हाय. तुमी विचारत नाय."

सरांनी तिला कोर्टला दहा फेऱ्या मारायला लावल्या. फेऱ्या मारताना ती माझ्याजवळून गेली तेव्हा म्हणाली, "उजवी बाजू तुझी. डावी माझी. विषय संपला."

दुहेरीत ही बाजू साधी गोष्ट नसते. समोरून येणारी सर्व्हिस आपल्या बाजूनं आपणच परतवायची असते, आणि वर्षानुवर्षं एकाच बाजूनं परतवून शरीर त्या बाजूचं होऊन जातं. अटीतटीचे बरेचसे पॉइंट डावीकडे पडतात. ते तिला हवे असायचे. मला नेटजवळ उभं राहून मधेच चेंडू पळवायला आवडायचं. तिची सर्व्हिस असली की मी पाठीमागे बोटं दाखवून सांगायची, हलणार की नाही हलणार. मी चुकीची खूण केली तरी ती तशीच सर्व्हिस करायची आणि नंतर शिव्या घालायची. आधी कधी वाद घातला नाही.

सतराव्या वर्षी आम्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकलो. एकच चषक होता. तो घेऊन मी घरी आले तेव्हा अण्णांनी तो फिरवून बघितला.

"दोघीत मिळून एक?"

"हो. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तिच्याकडे."

"मंजी निम्मा," अण्णा म्हणाले आणि जेवायला बसले. अण्णांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण ज्यांना कळायला हवं होतं त्यांचंही मत वेगळं नव्हतं. दुहेरी म्हणजे ज्यांना एकेरी जमत नाही त्यांची सोय, असं आपल्याकडच्या प्रत्येक टेनिस जाणकाराला वाटतं. वर्तमानपत्रात एकेरीची बातमी संपली की शेवटची ओळ आमची असायची, आणि जागा कमी पडली की तीच उडवायचे. एकेरीची अंतिम लढत झाली की प्रेक्षक उठायचे, पाहुणे उठायचे, चहावालाही उठायचा. मग रिकाम्या खुर्च्यांसमोर आम्ही अंतिम सामना खेळायचो. एकदा तर बक्षीस समारंभ आमच्या सामन्याच्या आधीच उरकला आणि आम्हाला सांगितलं, "तुमचं बक्षीस ऑफिसातून घ्या."

तरी ती सहा वर्षं मजेची होती. आम्ही थायलंड, इजिप्त, तुर्कस्तान, उझबेकिस्तान अशा ठिकाणच्या लहान स्पर्धा खेळत फिरलो. एक खोली, दोन पलंग, खाली चार बॅगा. माझ्या आईनं दिलेला भडंग आणि तिच्या आईनं दिलेली सुकट. ताश्कंदच्या एका हॉटेलात तिनं छोट्या इलेक्ट्रिक भांड्यात सुकट परतली. अख्ख्या मजल्यावर वास गेला. मॅनेजर वर आला, नाकाला रुमाल लावून. तिनं त्याला चमचाभर खायला दिली. त्यानं खाल्ली आणि आम्हाला दुसऱ्या मजल्यावर हलवलं, पण हाकललं नाही.

कोर्टवर आम्ही तिच्या बोलीत बोलायचो. मी ती शिकले, कारण त्याचा फायदा होता. हिंदी-इंग्रजी सगळ्यांना कळतं, मराठी अर्ध्या भारतीय मुलींना कळायची, पण आगरी कुणाला कळायची नाही. प्रतिस्पर्धी आमच्यापासून चार हातांवर उभ्या असताना ती मोठ्यानं सांगायची, "ती लांब वेनीवाली दमली हाय. तिच्याच अंगावर टाक." आणि आम्ही तिच्याच अंगावर टाकायचो.

थायलंडमधल्या एका मोठ्या स्पर्धेत आम्ही पहिल्या मानांकित जोडीला हरवलं. भर दुपारचं ऊन, तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, आठ-आठ. तिनं डावीकडून असा परतीचा फटका मारला की समोरची मुलगी रॅकेट हलवायचीच विसरली. पुढच्या पॉइंटला मी नेटवर आडवी गेले आणि चेंडू रिकाम्या जागेत ठेवला. ती धावत आली आणि माझ्या पाठीत इतक्या जोरात गुद्दा घातला की दोन दिवस मला त्या कुशीवर झोपता आलं नाही. त्या सामन्याचा एकही फोटो नाही. बघायला सातजण होते आणि त्यातले दोघे कोर्ट झाडणारे.

उपांत्य फेरीत आम्ही हरलो. पण त्या आठवड्यानंतर क्रमवारीत आम्ही इतक्या वर आलो की अजून एक चांगलं वर्ष मिळालं असतं तर ग्रँड स्लॅमचं दार आम्ही दोघींनीच ठोठावलं असतं.

त्या वेळी देशात एकेरीत पहिली असलेली एक मुलगी होती. तिचं नाव जाहिरातींत असायचं, सांगण्याची गरज नाही. ती मला स्पर्धांमध्ये दिसायची, पण मी तिला दिसत नसे. सहा वर्षांत ती माझ्याशी एकच वाक्य बोलली होती, "ये चेअर खाली है क्या?" एका सकाळी तिचा फोन आला.

"तू खेलेगी मेरे साथ? समर में? मेन ड्रॉ मिल जाएगा."

हिशोब सोपा होता. दुहेरीत दोघींचे क्रमांक एकत्र करून प्रवेश देतात, आणि तिचा एकेरीतला क्रमांक चालत होता. तिच्याबरोबर कुणी झाडूला उभं केलं असतं तरी झाडूला प्रवेश मिळाला असता.

"पण मी उजवीकडे खेळते," मी हिंदीत म्हणाले.

"मैं भी राइट ही खेलती हूँ. तू अ‍ॅडजस्ट कर ले."

मी हो म्हणाले. विचार करून सांगते, असंही म्हणाले नाही. एकेरीत पहिली असलेली, कायम उजवीकडून खेळणारी मुलगी माझ्यासारख्या उजवीकडच्या खेळाडूला का बोलावते आहे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी स्वतःवर इतकी खूश होते की मला वाटलं, हिनं अखेर माझा खेळ पाहिला.

माझ्या जोडीदारणीला मी सांगितलं नाही. ते कसं टाळलं हे लिहायची मला लाज वाटते, म्हणूनच लिहिते. त्याच संध्याकाळी आम्ही नेरूळला सराव केला. सरावानंतर तिच्या घरी गेलो, तिच्या आईनं तांदळाची भाकरी आणि कोलंबी वाढली, मी दोनदा मागून घेतली. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीच्या साखरपुड्याची गडबड होती. तिसऱ्या दिवशी मी मलाच समजावलं की हे फक्त उन्हाळ्यापुरतं आहे, त्यात सांगण्यासारखं काय. चौथ्या दिवशी प्रवेशयादी जाहीर झाली. दुपारी तिचा मेसेज आला. दोन शब्द: "यादी बगितली."

मी उत्तर लिहायला बसले. करिअर, संधी, तू माझ्या जागी असतीस तर, आपली जोडी कायम आहेच, असं बरंच. लांबलचक. वाचलं तरी जाईल असं मला कशावरून वाटलं, देव जाणे. तिचं उत्तर आलं नाही. फोन केला, तिनं उचलला नाही. तिच्या घरी मी गेले नाही.

त्या महान खेळाडूबरोबर मी एकूण चार स्पर्धा खेळले. तिला दुहेरी म्हणजे एकेरीच्या आधी अंग मोकळं करण्याचा प्रकार वाटायचा. ती नेटवर येत नसे. मी पाठीमागे बोटं दाखवायची ती बघत नसे. पहिल्याच सामन्यात तिनं मला सांगितलं, "ये साइन-वाइन मत कर, मेरा ध्यान जाता है." चेंडू दोघींच्या मधे आला की "युअर्स!" असं ओरडायची, आणि पॉइंट गेला की माझ्याकडे बघून मान हलवायची, म्हणजे प्रेक्षकांना कळावं कुणामुळे गेला. ती माझ्याशी वाईट वागली, असं मी म्हणणार नाही. माणूस बॅगेशी वाईट वागत नाही.

आणि मी डावीकडे उभी होते. तेरा वर्षांची असल्यापासून उजवीकडून खेळलेली मी, डावीकडून परतीचे फटके मारत होते आणि ते नेटमध्ये जात होते. मोठे पॉइंट आले की हात जड व्हायचा. ही जागा कुणाची होती ते मला माहीत होतं.

ग्रँड स्लॅमचा तो सामना सकाळी अकराला होता. पाऊस थांबून-थांबून पडत होता. तिची एकेरीची लढत दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे ती पाय वाचवून खेळत होती. पहिला सेट एकोणीस मिनिटांत गेला. खुर्चीवर बसल्यावर मी म्हणाले, "आपण थोडं पुढे येऊन खेळूया का?"

"तू टेंशन मत ले," ती म्हणाली. "हॅम्स्ट्रिंग टाइट है. जल्दी खतम करते हैं."

दुसऱ्या सेटमध्ये मी माझ्या सर्व्हिसवर एक गेम काढला. त्यातले दोन पॉइंट मी नेटवर धावत जाऊन जिंकले आणि क्षणभर विसरले की मागे कोण उभं आहे. मी वळले, पाठीत गुद्दा बसेल म्हणून. ती टॉवेलनं मनगट पुसत होती. त्यानंतरचे गेम समोरच्या जोडीनं भराभर घेतले.

जाळीजवळ हात मिळवल्यावर तिनं मला "थँक्स, यार" म्हटलं. पुढच्या स्पर्धेच्या यादीत तिच्या नावापुढे दुसऱ्याच एका परदेशी मुलीचं नाव होतं. मला तिनं सांगितलं नव्हतं. ती यादी बघताना मला राग आला, आणि मग राग येण्याचा मला काय अधिकार आहे हेही लगेच कळलं. या दोन्ही गोष्टी मी विमानतळावरच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शिकले.

वाशीत मात्र बॅनर लागले होते. चौकात माझा फोटो, शेजारी हात जोडलेले बारा पुढारी. अण्णांनी मार्केटात पेढे वाटले. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, मुलगी पूर्ण झाली.

नंतर मी जमेल त्याच्याबरोबर खेळले. महिन्याला नवी जोडीदार. स्पर्धेच्या ऑफिसबाहेर फळ्यापाशी उभं राहून, कुणाला कुणी नाही ते बघायचं आणि अर्ध्या तासात जोडी जमवायची. त्यात खांदा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि एकतिसाव्या वर्षी मी थांबले. निवृत्ती वगैरे जाहीर केली नाही. कुणी विचारलंच नाही.

आता मी नेरूळच्या एका मोठ्या सोसायटीत टेनिस शिकवते. सोसायटीच्या प्रवेशद्वाराशी बोर्ड आहे: ‘ग्रँड स्लॅम खेळाडूकडून प्रशिक्षण.’ पालक येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, किती वर्षांत इंटरनॅशनल होईल?" मुलगा अजून बुटाची नाडी आईकडून बांधून घेत असतो. मी दुहेरी शिकवायचं म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. एका वडिलांनी मला नीट बसवून सांगितलं, "बघा, पार्टनरवर डिपेंड राहायची सवय मला त्याला लावायची नाही." ते स्वतः भागीदारीत कंपनी चालवतात. आणि वर्षभरापूर्वी कमिटीनं ठराव केला की टेनिस कोर्टच्या अर्ध्या भागावर पिकलबॉलच्या रेघा मारायच्या, कारण तो खेळ ‘इन्क्लुझिव्ह’ आहे. म्हणजे त्यात पळावं लागत नाही.

तर तो सत्कार. तिथून परतताना माझ्या लक्षात आलं की सरांना बोलावलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ती शाल घेऊन वाशीला त्यांच्या घरी गेले. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर सर वॉकर घेऊन चालतात. मी शाल त्यांच्या खांद्यावर घातली. त्यांनी ती काढून, घडी करून खुर्चीवर ठेवली.

"ती आली होती का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"कोण काय? तुझी जोडीदार."

"नाही. सर, तिला कोण बोलावणार? आणि ती कशाला येईल, माझ्या ग्रँड स्लॅमच्या कौतुकाला."

सर म्हणाले, "खरं तर तिनंच खेळायचं ते. फोन आधी तिलाच आला होता."

मला कळलं नाही. ते तसेच बोलत राहिले, सर्व्हिसची चूक सांगावी त्या आवाजात. "त्या एकेरीवालीला डावीकडची मुलगी हवी होती. साहजिक आहे, ती स्वतः उजवीकडची. हिला फोन केला. ही म्हणाली, माझी जोडी ठरलेली आहे, मी बदलत नाही. मग दोन दिवसांनी तुला केला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिनं सांगितलं होतं. म्हणाली, सर, हिला कळता कामा नये. मी तेव्हा शब्द दिला. आता गोळ्यांची वेळ लक्षात राहत नाही, काय बोलायचं नाही ते कसं राहील?"

सरांच्या बायकोनं पोहे आणून ठेवले होते. ते मी खाल्ले. कसे खाल्ले ते आठवत नाही, पण बशी रिकामी होती. ज्या एका निवडीवर माझी सगळी पाटी, बोर्ड, बॅनर उभे होते, ती माझी निवड नव्हतीच. तिनं नको म्हटलेलं मी उचललं होतं, आणि तेही तिच्या पाठीमागे.

पुढच्या आठवड्यात मी उरणला गेले. तिच्या वडिलांनी शेवटी शेवटी कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरचा धंदा सुरू केला होता, तो आता ती चालवते एवढं मी ऐकून होते. स्टेशनवरून रिक्षा केली. यार्ड सापडायला वेळ लागला, कारण तिथे सगळी यार्डं सारखीच दिसतात: लाल धूळ, रांगेनं ट्रेलर, एकावर एक रचलेले कंटेनर. तिचं ऑफिसही एका जुन्या कंटेनरमध्ये होतं, एसी लावलेलं. ती टेबलामागे बसली होती. वजन वाढलेलं, चष्मा डोक्यावर, समोर दोन फोन. पंधरा वर्षांनी मी दारात उभी राहिले तर ती म्हणाली, "दार लाव. थंडी जाते."

मी बसले. तिनं कुणाला तरी फोनवर झापलं, एका ड्रायव्हरच्या कागदावर सही केली, मग माझ्याकडे बघितलं.

"खांदा कसा हाय?"

"वर जात नाही पूर्ण. तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"तिनं आधी तुला फोन केला होता ते."

"सर बोलले?" तिनं पेनाचं टोपण लावलं. "म्हातारा झाला बिचारा."

"का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करू? तुला वाटलं असतं, मी तुझ्यावर उपकार केले. मग तू नेटवर दबून खेळली असतीस. दबलेली पार्टनर काय कामाची?" ती हे अगदी सरळपणे म्हणाली. "मना त्या वर्षी जिंकायचा होता. म्हनून गप बसले."

"मी तुझी माफी मागायला आले."

"ते नको." तिनं हात हलवला. "तवा मी तुला लई शिव्या दिल्या. आईसमोर दिल्या, देवासमोर दिल्या. पोटभर. आता परत सगलं काढायचं म्हंजे मेहनत. माझे दोन ट्रेलर गेटवर अडकलेत."

"तरी."

"तरी काय? वाईट केलंस. तुला बी ठाऊक हाय, मना बी ठाऊक हाय. चहा पी."

चहा आला. आम्ही प्यायलो. मग ती एकदम म्हणाली, "दुसऱ्या सेटमध्ये तू सर्व्हिस काढलीस ना? तो एक गेम?"

"तू बघितलास?"

"दाखवत कुठे होते? फोनवर नुसते आकडे यायचे. चाळीस-तीस झाला, मग गेम. मी म्हनलं, ही नेटवर गेली असनार. आनि तिला मागून कोन कव्हर करतंय? कोनी नाय. मग मी फोन बंद केला. पुढचा मना बगायचा नव्हता."

ती कधीच थांबली होती हे मला माहीत होतं, बाकीचं तिथेच कळलं. यादी लागली त्या उन्हाळ्यानंतर ती एकही स्पर्धा खेळली नव्हती. दोन मुली तिच्याबरोबर खेळायला तयार होत्या, सरांनी आग्रह केला होता. तिनं ऐकलं नाही. मी विचारलं, "का?" तर म्हणाली, "इतकी वर्षं एका बाईला शिकवली. परत पहिलीपासून कोन शिकवत बसनार?" आणि फोन उचलून गेटवरच्या माणसाशी बोलायला लागली.

निघताना मी तिला म्हटलं, रविवारी सकाळी माझं कोर्ट रिकामं असतं. ती म्हणाली, "रविवारी जमत नाय. मंगलवार बग." मला वाटलं, टाळते आहे.

मंगळवारी साडेसातला ती सोसायटीच्या गेटवर होती. वॉचमन तिला आत सोडत नव्हता, कारण तिनं ‘भेटायचं कारण’ या रकान्यात काहीतरी असं लिहिलं होतं जे मी इथे लिहू शकत नाही. तिच्या हातात जुनी रॅकेट होती, तारा सैल पडलेल्या. मी तिला माझी दुसरी दिली. समोर माझ्याकडे शिकणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली उभ्या केल्या. ती काही न विचारता डावीकडे जाऊन उभी राहिली.

आम्ही वाईट खेळलो. तिला पळवत नव्हतं, मला खांद्यावरून मारता येत नव्हतं. मुलींनी पहिला सेट सहा-तीन घेतला. मधेच कोर्टच्या कडेला पिकलबॉलवाले चौघे येऊन उभे राहिले आणि त्यांच्यातल्या सेक्रेटरीनं घड्याळ दाखवलं.

"मॅडम, आठ ते नऊ आमचा स्लॉट आहे."

"तुमचा स्लॉट?" ती कमरेवर हात ठेवून वळली. "काका, ही जमीन कोनाची होती ठाऊक हाय? बसा त्या बाकड्यावर. दहा मिन्टं."

ते बसले. मला वाटतं त्या सोसायटीत कमिटीला कुणी बसायला सांगण्याची ती पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या सेटमध्ये तिची सर्व्हिस होती. मी नेटवर उभी होते. तिनं मागून विचारलं, "हलनार?" मी म्हटलं, "हलते." सर्व्हिस पडली, मी आडवी गेले, आणि चेंडू बाहेर मारला, चांगला हातभर बाहेर. तिनं मला जी शिवी घातली ती ऐकून त्या दोन मुलींनी एकमेकींकडे बघितलं. सेट आम्ही तोही हरलो.

त्याच्या पुढच्या मंगळवारी ती आली नाही. पनवेलजवळ तिचा एक ट्रेलर कलंडला होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी आली, नव्या बुटांत, आणि आल्या-आल्या माझ्या सर्व्हिसच्या टॉसला नावं ठेवायला लागली.